गाणी वाजतात; घोडं पेंड खातं ते सिंकपाशी

प्रश्न थोडक्यात असा: कॉम्प्युटरवर जमवलेली सुमारे २,५०० गाणी आहेत. वेगळा म्युझिक प्लेअर बाजूला ठेवून सगळं फोनवरच घ्यावं म्हटलं, तर केबल लावल्यावर कॉम्प्युटरला फोन कधी दिसतो, कधी दिसत नाही. कॉपी झालेली काही गाणी यादीत येत नाहीत, देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, प्लेलिस्ट रिकाम्या निघतात. एका आयफोनवर तर सिंक केल्यावर आधीची गाणीच पुसली गेली. फोनमध्ये दोष आहे की पद्धत चुकते आहे?

फोन बहुधा ठणठणीत आहे. गाणी वाजवणं ही फोनसाठी फार पूर्वीच सोपी गोष्ट झाली. अडचण येते ती गाणी आत नेताना, आणि त्यातली निम्मी गडबड ‘सिंक’ या एका शब्दाने केलेली आहे. या शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ आहेत. पहिला, साधी कॉपी: कॉम्प्युटरवरचं फोनवर गेलं, फोनवरचं जुनं जागच्या जागी राहिलं. दुसरा, आरसा: कॉम्प्युटरवर जे आहे तेच आणि तेवढंच फोनवर राहणार, बाकीचं पुसलं जाणार. तिसरा, दुतर्फी मेळ: दोन्हीकडचे बदल एकमेकांकडे जाणार, त्यात खोडणंही आलं. वापरणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असतो, सॉफ्टवेअरच्या मनात दुसरा, आणि बटणावर लिहिलेलं असतं फक्त ‘सिंक’. तुमची गाणी पुसली गेली ती इथे. त्यामुळे बटण दाबण्याआधी एकच गोष्ट शोधायची: कॉम्प्युटरवर नसलेलं फोनवरून काढून टाकू का, असा पर्याय कुठे आहे, आणि त्यावर टिक आहे की नाही.

हा अपेक्षाभंग जुनाच आहे. ७ सप्टेंबर २००५ रोजी मोटोरोलाचा रॉकर ई१ आला. ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरशी जोडला जाणारा हा पहिला फोन, म्हणून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं जात होतं. त्यात गाणी बसायची फक्त १००. मोठं मेमरी कार्ड टाकून उपयोग नव्हता, कारण मर्यादा कार्डाची नव्हती, सॉफ्टवेअरनेच घातलेली होती. त्यात यूएसबी १.१, म्हणजे कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट आणि प्रत्यक्षात जेमतेम १ एमबी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात ॲपलचा आयपॉड नॅनो हा म्युझिक प्लेअरही जाहीर झाला आणि तुलना कोणाला सांगावी लागली नाही. त्याच वर्षी सोनी एरिक्सनने वॉकमन नावाचे फोन आणले, नोकियाने ४ जीबी हार्ड डिस्क असलेला एन९१ जाहीर केला. हे फोन गाणी चांगली वाजवायचे. पण प्रत्येकाचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर वेगळं, मेमरी कार्डाची जात वेगळी आणि कित्येकांचा हेडफोनचा जोडही वेगळा. २००७ चा आयफोन तर आयट्यून्सशी जोडल्याशिवाय सुरूच होत नसे. कॉम्प्युटरशिवाय त्याला चालू करता येऊ लागलं ते २०११ मध्ये, आयओएस ५ पासून.

आता तुमच्या तक्रारी एकेक घेऊ. फोन कधी दिसतो, कधी दिसत नाही, याचं पहिलं कारण केबल. साध्या यूएसबी जोडणीत चार तारा लागतात: दोन विजेसाठी, दोन डेटासाठी. स्वस्तातल्या आणि हेडफोन किंवा स्पीकरसोबत येणाऱ्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. चार्जिंग होतं, म्हणून केबल चांगली आहे असं वाटतं. दुसऱ्या केबलने करून पाहा, हब मध्ये न घालता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. दुसरं कारण फोनचं कुलूप. अँड्रॉइड फोन जोडल्यावर मुळात फक्त चार्ज होतो. स्क्रीन उघडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा, यूएसबीच्या ओळीवर टॅप करा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. बहुतेक फोनवर हे दर वेळी करावं लागतं. विंडोजच्या ज्या आवृत्तीच्या नावात ‘एन’ असतं, तिच्यात मीडिया फीचर पॅक वेगळा टाकल्याशिवाय फोन दिसत नाही. अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरशी ज्या भाषेत बोलतो, ती तर मॅकला मुळातूनच येत नाही. गुगलचं त्यासाठीचं अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर २०२४ मध्ये बंद झालं, आता ओपनएमटीपीसारखं एखादं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं.

ही भाषा म्हणजे एमटीपी. तिचा स्वभाव कळला की बाकीच्या अर्ध्या तक्रारी आपोआप उलगडतात. पूर्वीचे फोन पेन ड्राइव्हसारखे जोडले जात. त्यात कॉम्प्युटर फोनच्या मेमरीचा थेट ताबा घ्यायचा, म्हणून तेवढा वेळ फोनला स्वतःला ती मेमरी वापरता येत नसे, आणि केबल मध्येच ओढली तर सगळी फाइल सिस्टिम बिघडण्याची भीती. अँड्रॉइड ३ पासून, म्हणजे २०११ पासून, हळूहळू ही पद्धत मागे पडून एमटीपी आली. यात कॉम्प्युटरला मेमरीचा ताबा मिळत नाही. तो खिडकीवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखा ‘ही फाइल द्या, ही घ्या’ एवढंच म्हणतो आणि आतलं काम फोन करतो. सुरक्षित आहे, पण किंमत मोजावी लागते. एका वेळी एकच काम चालतं, म्हणून कॉपी सुरू असताना त्याच फोनचा दुसरा फोल्डर उघडला की दोन्ही अडकतात. फोनला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, त्यामुळे टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरेची फाइलमधली नोंद) सुधारणारं सॉफ्टवेअर थेट फोनवरच्या फाइलवर चालत नाही. कॉपी केलेल्या फाइलची मूळ तारीखही बऱ्याचदा टिकत नाही. म्हणून तारखा ताडून सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरला दर वेळी सगळीच गाणी ‘बदललेली’ वाटतात आणि ते पुन्हा पहिल्यापासून कॉपी करत बसतं. तिथे तुलना आकारावरून करायला सांगावी. मेमरी कार्ड जुन्या फॅट पद्धतीचं असेल तर तिथे वेळेची नोंद दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी होते. तेव्हा तुलनेत दोन सेकंदांची सूट द्यावी लागते.

गाणी कॉपी होऊनही यादीत न येण्याचं मूळही इथेच. फोनवरचा प्लेअर दर वेळी फोल्डर धुंडाळत नाही. फोनने एक सूची बनवलेली असते, तो तीच वाचतो. सूची ताजी झाली नसेल तर फाइल आहे पण गाणं नाही अशी अवस्था होते. फोन एकदा बंद करून चालू करणं हा साधा उपाय बहुतेक वेळा पुरतो. नाही पुरला तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये पुन्हा स्कॅन करण्याचा पर्याय असतो. तरीही एखादा अख्खा फोल्डरच गायब असेल तर त्यात डॉट नोमीडिया (.nomedia) नावाची रिकामी फाइल आहे का ते पाहा. ही फाइल म्हणजे ‘या फोल्डरकडे पाहू नका’ अशी पाटी. एखादं ॲप ती ठेवून जातं, किंवा जुन्या फोनमधला फोल्डर उचलून आणताना तीही सोबत येते. ती खोडायची आणि फोन पुन्हा चालू करायचा. गाणी नेहमी ‘म्युझिक’ या फोल्डरमध्येच ठेवा. ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘डेटा’मध्ये ठेवलेली गाणी ते ॲप काढताच त्याच्यासोबत जातात, आणि सूचीतही येत नाहीत.

प्रश्नचिन्हांचा मुद्दा जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण देवनागरीत नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो भोवतो. प्लेअरमध्ये दिसतं ते फाइलचं नाव नसतं, फाइलच्या पोटातला टॅग असतो. एमपी३ मध्ये आयडी३ टॅगच्या तीन जाती भेटतात. सर्वांत जुनी पहिली आवृत्ती फाइलच्या शेवटी १२८ बाइटमध्ये बसते. तिच्यात शीर्षकाला ३० बाइट, आणि देवनागरीची सोयच नाही. नंतरची २.३ युनिकोड, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं, घेते, पण यूटीएफ-१६ या रूपात. २.४ मध्ये यूटीएफ-८ चालतं, पण जुने प्लेअर आणि बरेच कार स्टिरिओ २.४ वाचतच नाहीत. म्हणून सगळीकडे चालावं असं वाटत असेल तर २.३ आणि यूटीएफ-१६ ही जोडी धरा आणि पहिल्या आवृत्तीचा टॅग काढूनच टाका. नाहीतर एखादा प्लेअर नेमका तोच वाचतो. एमपी३टॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्यायांत टॅगचा विभाग आहे. तिथे काय वाचायचं, काय लिहायचं, काय काढायचं हे एकदा ठरवलं की सगळी गाणी निवडून सेव्ह केलं, की झालं. एक मात्र लक्षात घ्या. टॅगमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली असतील तर मूळ अक्षरं गेली ती गेलीच, कोणतंही सेटिंग ती परत आणत नाही. फाइलचं नाव शाबूत असेल तर त्यावरून टॅग भरून घेता येतो, ती सोय याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि प्रश्नचिन्हांऐवजी भलतीच रोमन अक्षरं व चिन्हं दिसत असतील तर ते नाव जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं असण्याची शक्यता मोठी. ते त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून काढलं तर वाचतं.

टॅग हाताळतच आहात तर दोन गोष्टी उरकून घ्या. निरनिराळ्या गायकांचा एक अल्बम फोनवर दहा तुकड्यांत दिसतो, कारण ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा असतो. सगळ्या गाण्यांत तिथे एकच नाव भरा, अल्बम एकत्र येतो. आणि मुखपृष्ठाचं चित्र ५०० ते ६०० पिक्सेलचं, साध्या जेपेगमध्ये, १०० ते १५० केबीपर्यंत ठेवा. एकेका गाण्यात १ एमबीचं चित्र चिकटलेलं असेल तर २,५०० गाण्यांत अडीच जीबी नुसत्या चित्रांनीच खाल्ली. शिवाय प्रोग्रेसिव्ह जातीचं जेपेग काही जुन्या प्लेअरला दाखवता येत नाही.

प्लेलिस्ट रिकामी निघते याचं कारण फार साधं आहे. एम३यू प्लेलिस्ट म्हणजे गाणी नव्हेत, गाण्यांच्या पत्त्यांची एक मजकूर फाइल. तो पत्ता ‘सी ड्राइव्ह’पासून लिहिला असेल तर फोनला तो सापडणार कसा? फोनमध्ये सी ड्राइव्ह नसतो. प्लेलिस्ट निर्यात करताना सापेक्ष (प्लेलिस्ट जिथे आहे तिथून मोजलेले) पत्ते निवडा, तिरकी रेघ उजवीकडे झुकलेली ठेवा, आणि फाइल एम३यू८ या रूपात सेव्ह करा म्हणजे देवनागरी नावं टिकतील. ती फाइल ‘म्युझिक’ फोल्डरच्या तोंडाशीच ठेवायची आणि आतल्या फोल्डरांची रचना कॉम्प्युटरवर आहे तशीच न्यायची. फाइलच्या नावांत अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, उभी रेघ असली तर ती आधीच काढा. मॅक किंवा लिनक्सवर अशी नावं चालून जातात, मेमरी कार्डावर अडतात.

किती जागा लागेल याचा हिशोब आधी करून घ्या. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेतं. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, म्हणजे २,५०० गाणी ३० जीबी. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये, तेच गाणं साधारण ३० एमबीच्या आसपास जातं आणि आकडा ७५ जीबीवर पोचतो. ब्लूटूथ हेडफोनवरच ऐकणार असाल तर फ्लॅक नेण्यात फारसा अर्थ नाही, कारण हेडफोनकडे जाताना फोन आवाज पुन्हा दाबूनच, म्हणजे त्यातला काही भाग गाळूनच, पाठवतो. फ्लॅक कॉम्प्युटरवर राहू द्या आणि फोनसाठी त्यातून २५६ केबीपीएस एएसी (एमपी३सारखाच दुसरा प्रकार) किंवा लेम या एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्ही० दर्जाचं एमपी३ बनवा. उलट जे मुळातच एमपी३ आहे त्याचं पुन्हा एएसी करू नका. जागा वाचल्यासारखी वाटते, पण दोनदा दाबलेला आवाज झांजा-टाळांच्या उंच सुरांत लगेच पकडला जातो.

प्रत्यक्ष काम असं करा. विंडोजवर म्युझिकबी हे सॉफ्टवेअर घ्या. त्यात फोन जोडून सिंकच्या सेटिंगमध्ये ‘म्युझिक’ फोल्डर दाखवा, फ्लॅक असेल तरच रूपांतर करायला सांगा, आणि फोनवरून खोडण्याचा पर्याय बंद ठेवा. पहिली खेप एकदम सगळ्या २,५०० गाण्यांची करू नका. २००-३०० गाण्यांचे गट करा, म्हणजे मध्ये अडकलं तर कुठे अडकलं ते कळतं. कॉपी चालू असताना फोनची स्क्रीन उघडी ठेवा आणि त्या फोनवर दुसरं काही करू नका. विंडोजच्या फोल्डरमधून ओढून टाकणार असाल तर ‘फाइल रूपांतरित करू का’ असा प्रश्न येतो, तिथे नुसती कॉपी निवडायची. यूएसबी २ वर एमटीपीचा वेग सेकंदाला २०-३० एमबी मिळाला तरी नशीब समजा. त्या हिशोबाने ३० जीबीला सतरा ते पंचवीस मिनिटं, आणि फाइल लहान-लहान असल्याने बरीच जास्त. केबलचं टोक टाइप-सी आहे म्हणून वेग वाढत नाही. पुष्कळ टाइप-सी केबल आतून यूएसबी २ च असतात, आणि काही फोनचे पोर्टही. शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. नुसतं ‘झालं’ म्हणून आलेल्या संदेशावर विसंबू नका.

फोनला मेमरी कार्डाची खाच असेल तर एमटीपीच्या भानगडीत पडूच नका. कार्ड काढा, कार्ड रीडरमध्ये घाला, थेट कॉपी करा. वेगही जास्त आणि वर सांगितलेल्या निम्म्या कटकटी मुळातच उद्भवत नाहीत. मात्र कार्ड फोनमध्ये घालताना ‘पोर्टेबल’ म्हणूनच घाला. अँड्रॉइड ६ पासून कार्ड अंतर्गत मेमरीत मिसळून टाकण्याचा पर्याय काही फोनवर मिळतो. तो निवडला की कार्ड त्या फोनपुरतं एन्क्रिप्ट होतं आणि रीडरमध्ये वाचता येत नाही. नवीन कार्ड वापरण्याआधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण भरून तपासा. खोट्या क्षमतेची कार्डं सुरुवातीला मुकाट गाणी घेत राहतात, मग अर्ध्यावर जुन्यांवरच नवी लिहू लागतात. अल्बम अर्धा वाजून पुढे खरखर ऐकू येते ती बऱ्याचदा यातूनच.

आयफोनची गोष्ट निराळी, कारण तिथे फाइल टाकणं नाहीच, लायब्ररी जोडणं आहे. एक फोन एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या लायब्ररीशी बांधलेला असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून सिंक म्हटलं की ‘पुसून सिंक करू का’ असा प्रश्न येतो. तो प्रश्न अक्षरशः खरा असतो, आणि घाईत ‘हो’ म्हटलं जातं. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून हे सगळं फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइल पाहण्याच्या खिडकीत आहे. विंडोजवर त्यासाठी आता ॲपल डिव्हाइसेस नावाचं वेगळं ॲप आहे. पहिल्यांदाच ‘मॅन्युअली मॅनेज’ वर टिक करा, म्हणजे गाणी हाताने ओढून घालता-काढता येतात. ॲपल म्युझिकमधलं ‘सिंक लायब्ररी’ (लायब्ररी इंटरनेटवरून जुळवणारं सेटिंग) चालू असेल तर केबलवरून गाणी टाकताच येत नाहीत. दोन्हींपैकी एकच ठरवावं लागतं. म्युझिक ॲप लायब्ररीत फ्लॅक घेत नाही, त्याचं एएलएसी, म्हणजे ॲपलचं तसंच काही न गाळणारं रूप, करावं लागतं. जास्त बिटरेटची गाणी सिंक होतानाच १२८, १९२ किंवा २५६ केबीपीएस एएसीमध्ये उतरवण्याचा पर्याय आहे, तो जागा कमी असताना कामाला येतो. या लायब्ररीच्या बंधनातच पडायचं नसेल तर आयफोनवर व्हीएलसी हा प्लेअर टाका. त्यात वाय-फायवरून कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून फाइली ढकलता येतात. फ्लॅकही वाजतं. फक्त त्या गाण्यांचा म्युझिक ॲपशी संबंध राहत नाही.

विकत घेतलेली जुनी गाणी अडत असतील तर ते कुलूप आहे, म्हणजे विकणाऱ्याने घातलेलं कॉपीवरचं बंधन, बिघाड नाही. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’ म्हणून कुलूपबंद गाण्यांची पद्धत आणली, आणि २००६ मध्ये आलेला त्यांचाच झून प्लेअर ती गाणी वाजवत नव्हता. आयट्यून्सने २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढलं, पण त्याआधी घेतलेल्या फाइली तशाच राहिल्या असतील तर त्या इतर प्लेअरवर चालणार नाहीत. स्ट्रीमिंग ॲपमधलं ‘डाउनलोड’ही त्याच जातीचं. ते त्या ॲपपुरतं असतं आणि वर्गणी संपली की बंद पडतं, त्यामुळे ते सिंकच्या हिशोबात धरू नका.

केबल नको असेल तर वाय-फायवरून फोल्डर जुळवणारी ॲप आहेत, पण बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमुळे फोन ती मागच्या मागे मारून टाकतो. त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा, आणि दिशा ‘फक्त कॉम्प्युटरकडून फोनकडे’ अशी ठेवा. दुतर्फी ठेवली आणि फोनवर जागा करण्यासाठी एखादा अल्बम खोडला, तर थोड्या वेळाने तो कॉम्प्युटरवरूनही जातो. ब्लूटूथने गाणी पाठवणं दोन-चार गाण्यांपुरतं ठीक आहे. सेकंदाला २०० केबीच्या आसपास वेग धरला तर १२ एमबीच्या गाण्याला एक मिनिट, आणि तुमच्या २,५०० गाण्यांना ४० तासांहून जास्त.

संपर्क आणि कॅलेंडरच्या सिंकबाबत इतकंच: तिथे दुतर्फी मेळच हवा असतो, पण तो एकाच मार्गाने. दोन सेवा एकाच यादीवर लावल्या की प्रत्येक नाव दोनदा दिसू लागतं. एक खातं मुख्य ठरवा, बाकीच्यांचं सिंक बंद करा, आणि बंद करण्याआधी सगळे संपर्क व्हीकार्ड फाइलमध्ये काढून ठेवा.

आणि पुसल्या गेलेल्या गाण्यांचं: कॉम्प्युटरवर ती आधीपासून असतील तर पुन्हा भरा, प्रश्न मिटला. फक्त आयफोनवरच होती आणि पूर्वीचा बॅकअप आहे, तरी त्यावर आशा ठेवू नका. फोनच्या बॅकअपमध्ये कॉम्प्युटरवरून सिंक केलेली गाणी घेतलीच जात नाहीत. अँड्रॉइडच्या मेमरी कार्डावरून गेली असतील तर कार्ड ताबडतोब बाहेर काढा, त्यावर नवीन काहीही लिहू नका, आणि रीडरमध्ये घालून फोटोरेक हे खोडलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. ते फोटोंसाठी म्हणून प्रसिद्ध असलं तरी एमपी३ही शोधतं. फाइलची नावं परत मिळत नाहीत, पण टॅग शाबूत असतात, आणि एमपी३टॅग त्यावरून नावं पुन्हा लावून देतं.